धर्म हा अभ्यासाचा विषय आहे

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी झाली आणि भारतीय ज्ञान प्रणाली व मूल्यशिक्षण यांना त्यात क्रेडिट मिळाले, तेव्हापासून सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत एक जुना वाद पुन्हा पेटला आहे. धर्म महाविद्यालयात शिकवावा की शिकवू नये? एका बाजूचे म्हणणे असे की तरुण पिढी भरकटते आहे, तिच्यावर गीतेचे आणि संतवचनांचे संस्कार झाले पाहिजेत, मग त्यासाठी पठण ठेवावे लागले तरी चालेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की हे मागच्या दाराने येणारे राजकारण आहे. धर्माने घरी आणि देवळात राहावे, महाविद्यालयात विज्ञान आणि संविधान पुरेसे आहे. व्याख्यानमालांत, स्टाफरूममध्ये, प्राध्यापकांच्या संघटनांच्या बैठकांत हा वाद तावातावाने चालतो आणि दोन्ही बाजूंची माणसे बहुधा प्रामाणिक असतात. तरीही तो चुकीच्या पायावर उभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. धर्म शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याला धार्मिक बनवणे, हे दोघांनीही न तपासता धरून चाललेले आहे. एकाला ते हवे आहे, दुसऱ्याला त्याची भीती वाटते, एवढाच काय तो फरक.

कला शाखेचाच नव्हे, तर विज्ञान आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही ज्या शिस्तीने अर्थशास्त्राचा एखादा पेपर घेऊ शकतो, त्याच शिस्तीने त्याला धर्माचा पेपर घेता आला पाहिजे, ही माझी भूमिका आहे. त्या पेपरात एक नव्हे, किमान दोन परंपरा असाव्यात. त्यांचे मूळ ग्रंथ, त्यांचा इतिहास, त्यांचे आचार आणि त्यांच्यावर झालेली टीका हे सारे त्यात यावे. वर्गात प्रार्थना, पठण, शपथ यांपैकी काहीही नसावे आणि विद्यार्थी काय मानतो यावर त्याचा एकही गुण अवलंबून नसावा. बहुविद्याशाखीय शिक्षण ही घोषणा आपण मनापासून करीत असू, तर माणसाच्या जन्मापासून अंत्यविधीपर्यंत ज्याचा हात पोचतो, त्या विषयाला अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे समर्थन कसे करणार?

मुळात धर्म महाविद्यालयात आणायचा की नाही, हा प्रश्न उरलेलाच नाही. तो तिथे कधीचा आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला ज्ञानेश्वरीतील वेचे असतात, तुकोबांचे अभंग असतात, दासबोध असतो, लीळाचरित्र असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला भक्तिचळवळ असते. फक्त हे सारे धर्म म्हणून शिकवले जात नाही. लीळाचरित्र येते ते मराठीतील आद्य गद्य म्हणून. त्यातील वाक्यरचना आणि विभक्तिप्रत्यय यांवर प्रश्न विचारले जातात. पण ते ज्या महानुभाव पंथाचे, त्याने पंचकृष्ण म्हणजे पाच अवतार मानले, त्यांतील श्रीचक्रपाणी आपल्या फलटणचे, हा पंथ आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत जपत राहिला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे ते अभ्यासकांसमोर आले, यामागे कोणती श्रद्धा आणि कोणते भय होते, याची चर्चा वर्गात होत नाही. संतांच्या बाबतीत तर 'संतांचे सामाजिक कार्य स्पष्ट करा' हा एकच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे, जणू विठ्ठल हा त्यांच्या आयुष्यातील एक किरकोळ तपशील होता. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय शिकवताना एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, हे आपण मानायचं, की नुसतं परीक्षेत लिहायचं?" प्रश्न अगदी सरळ मनाने विचारलेला होता. समजून घेणे हा मानणे आणि लिहिणे यांहून वेगळा असा तिसरा मार्ग असतो, हे तिला पदवीच्या वर्षांपर्यंत कोणी सांगितले नव्हते, कारण तो मार्ग दाखवणारा विषयच आपल्याकडे नाही.

तो का नाही, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. आपली विद्यापीठे 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. त्याआधी तीनच वर्षे, 1854 च्या वूडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, सरकारी संस्थांतील शिक्षण धर्मविरहित असावे असे ठरवून टाकले होते आणि 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले. परक्या राज्यकर्त्यांना हे धोरण सोयीचे होते, आणि उठावानंतर तर ते त्यांच्या सुरक्षिततेचा भागच झाले. धर्माबद्दल बोलले तर प्रजा बिथरेल, ही त्यांची भीती होती. ती समजण्यासारखी होती. पण राज्यकर्ते गेल्यावर त्यांची भीती आपण का जपावी? स्वतंत्र भारताने नेमलेल्या पहिल्याच विद्यापीठ शिक्षण आयोगाने, म्हणजे 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने, पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मसंस्थापकांची आणि संतमहात्म्यांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या धर्मग्रंथांतील वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्मविषयक तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस केली होती. पुढे कोठारी आयोगाने एका धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी माहिती व विचार देणे यांत स्पष्ट भेद केला आणि दुसरी गोष्ट बहुधर्मी लोकशाहीला आवश्यक मानली. शिफारशी कपाटात राहिल्या.

संविधानाचा दाखला देऊन विरोध करणाऱ्यांनी कलम 28 पुन्हा एकदा शांतपणे वाचावे. संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिकवण देता येणार नाही आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणावरही त्याच्या संमतीशिवाय तिची किंवा उपासनेची सक्ती करता येणार नाही, असे ते कलम सांगते. गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद असलेल्या विद्यापीठ कायद्यासंबंधी 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला, तेव्हा असा विद्याभ्यास म्हणजे धार्मिक शिकवण नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यासंबंधीच्या 2002 च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांच्या अभ्यासाला कलम 28 आड येत नाही, असेच न्यायालय म्हणाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये सरकारी शाळांतील सक्तीचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले आणि त्याच निकालात धर्मांच्या तुलनात्मक व ऐतिहासिक अभ्यासाला मोकळी वाट असल्याचेही नोंदवले. त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग वाढत गेले. आपल्याकडे पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात 1967 पासून असा विभाग आहे. म्हणजे कायद्याची अडचण नाही. तरीही याच कलमाच्या आधारे मी संस्कारवादी मित्रांनाही सांगेन, की अनुदानित महाविद्यालयात सामूहिक पठण सक्तीचे करणे कायद्यात बसत नाही आणि त्याला अभ्यासाचे नाव देऊनही ते बसणार नाही.

आता विरोधातील खऱ्या वजनाच्या मुद्द्यांकडे येतो. पहिला मुद्दा भीतीचा आहे आणि ती भीती या दोन जिल्ह्यांत तरी कोणी काल्पनिक म्हणू शकत नाही. 2009 मध्ये ऐन गणेशोत्सवात मिरजेत जी दंगल झाली आणि 2023 मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून खटाव तालुक्यातील पुसेसावळीत जो हिंसाचार झाला, एक जीव गेला, ते आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. 2004 च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला तर थेट अभ्यासाशी जोडलेला होता. एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकामुळे उसळलेला राग हस्तलिखितांच्या कपाटांवर निघाला. अशा वातावरणात एखाद्या प्राध्यापकाने वर्गात धर्माची चिकित्सा करावी आणि त्यातील एक वाक्य मोबाईलवर चित्रित होऊन गावभर फिरावे, हा धोका कोण नाकारील? मी तो पूर्णपणे मान्य करतो. पण या घटनांपैकी कोणती घटना महाविद्यालयाने धर्म शिकवला म्हणून घडली? आपल्या मुलांना शेजाऱ्याच्या धर्माची ओळख वर्गात होत नाही, ती मोबाईलवर येणाऱ्या तुकड्यांतून होते, आणि ते तुकडे बहुधा द्वेषासाठीच कापलेले असतात. वर्ग गप्प बसला म्हणून त्या विषयावरचे बोलणे थांबत नाही. ते अशा माणसांच्या हाती जाते, ज्यांना उलटतपासणीला कधीच सामोरे जावे लागत नाही. एका पेपराने दंगली थांबतील असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. मात्र मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा का असतो आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ त्याच दर्ग्यात संगीतसभा का भरते, हे ज्याने स्वतः विचारून, लिहून, वर्गात मांडले आहे, तो विद्यार्थी दर्ग्याविषयी येणारा प्रत्येक संदेश खरा मानून पुढे ढकलण्याआधी निदान एकदा थांबेल, अशी आशा मला वाटते.

दुसरा मुद्दा सत्यशोधक परंपरेतून येतो आणि तो माझ्या स्वतःच्या मनाच्या अधिक जवळ आहे. धर्मज्ञान हे या समाजात उतरंड टिकवण्याचे साधन होते. ज्या बहुजन शिक्षणसंस्थांनी कष्टाने ती मक्तेदारी मोडली, त्यांनीच आता तो विषय पुन्हा आत का घ्यावा? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या भूमीत हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. पण भाऊरावांनी काय केले ते आठवावे. स्वतः जैन कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवले. जातिधर्माचा विषय टाळून त्यांनी तो सोडवला नाही, त्याला रोज ताटावर समोरासमोर आणले. महात्मा फुल्यांचे, ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, उदाहरण तर याहून ठळक आहे. फुल्यांनी धर्माकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी धर्मग्रंथ वाचले आणि मग त्यांवर कठोर टीका केली. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. त्यातील आईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून हवे तर तो धर्म स्वीकारावा, वडिलांनी बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने राहावे. त्या कुटुंबातील प्रत्येकजण आपल्या धर्मापर्यंत वाचूनच पोचतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. धर्म घराबाहेर ठेवा, असे फुले म्हणत नाहीत. वाचा आणि ठरवा, असे म्हणतात.

पुढचा इतिहासही हेच सांगतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्माचा अभ्यास करीत होते. परतल्यावर तीन वर्षांतच त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. धर्माच्या अभ्यासाने ते मवाळ झाले नाहीत, उलट धर्माच्या नावावर चाललेला अन्याय त्यांना अधिक नेमका दिसला. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती 1956 मध्ये नागपुरात. मधली एकवीस वर्षे त्यांनी ज्या गांभीर्याने निरनिराळ्या धर्मांचा विचार केला, ते गांभीर्य आपल्या पदवीधराला परके का असावे? आणि वाईचे काय? केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत धर्मशास्त्र शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, हे मांडण्यासाठी गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगात साहाय्य केले आणि 1933 मध्ये देवदास गांधी व लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात स्वतः लावला. सनातन्यांना उत्तर देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात ग्रंथ बाजूला ठेवल्याने आले नव्हते. सनातन्यांपेक्षा ते ग्रंथ त्यांना अधिक चांगले ठाऊक होते. ज्ञानावरची मक्तेदारी मोडायची तर ज्ञान सर्वांच्या हाती द्यावे लागते. ते वर्गाबाहेर ठेवले की मक्तेदारांची सोय होते.

तिसरा आक्षेप श्रद्धावंतांचा. धर्म हा अनुभवाचा विषय आहे, गुरूकडून आणि आचरणातून तो कळतो. वर्गात त्याची चिरफाड केली तर हाती सांगाडा तेवढा उरेल, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, नदीत पादुकांना स्नान घातले जाते आणि काठावरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, तो अनुभव कोणताही प्राध्यापक शिकवू शकणार नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. परंतु सुशिक्षित श्रद्धेला चिकित्सेचे भय असावे, असे आपल्या परंपरेत तरी दिसत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून पूर्ण ताकदीने मांडायचे आणि मगच आपला सिद्धान्त सांगायचा, ही शिस्त आपल्या शास्त्रग्रंथांनीच घालून दिली. परंपरेच्या अभिमानाने बोलणाऱ्यांनी ती शिस्त वर्गात येण्याला विरोध करणे मला समजत नाही.

असा वर्ग प्रत्यक्षात कसा चालेल, याचे उदाहरण म्हणून मी सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा घेईन. तिथल्या नागपंचमीवर आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते: अंधश्रद्धा म्हणून किंवा अस्मिता म्हणून. अभ्यासू विद्यार्थी आधी आख्यायिका ऐकेल. महाजनांच्या घरी भिक्षेला आलेल्या गोरक्षनाथांनी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला, जिवंत नाग पूजशील का, असे विचारले आणि तेव्हापासून ही पूजा सुरू झाली, असे गाव मानते. मग तो नाथपंथ आणि दख्खनमधील नागपूजा यांचा माग काढील. नागाला भाऊ मानून उपवास करणाऱ्या स्त्रियांशी बोलेल, कारण मिरवणुकीच्या छायाचित्रांत त्या दिसत नाहीत. त्यानंतर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचेल, पकडलेल्या सापांचे काय होते याबद्दल सर्पतज्ज्ञांचे म्हणणे समजून घेईल, उच्च न्यायालयाने घातलेले निर्बंध अभ्यासेल. आणि तेव्हा त्याच्या लक्षात येईल, की मातीच्या नागापासून जिवंत नागाकडे गेलेली पूजा कायद्याने पुन्हा मातीच्या नागाकडे आणली आहे. ही पूजा तीच राहिली की बदलली? बदलली असेल तर तो बदल परंपरेत पूर्वीही झाला नव्हता काय? अशा प्रश्नाला प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, कायद्याकडे वळू पाहणारा विद्यार्थी आणि शिराळ्याचाच रहिवासी असलेला विद्यार्थी वेगवेगळी उत्तरे देतील. उदारमतवादी शिक्षण म्हणून आपण जे सांगतो, ते याहून वेगळे काय असते?

सर्वांत अवघड मुद्दा शिक्षकांचा आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, पुढच्या वर्षी काम राहील की नाही याची खात्री नसलेल्या तरुण प्राध्यापकाकडे हा पेपर सोपवून, निर्भयपणे शिकव, असे सांगणे अन्यायाचे होईल. पाली, अर्धमागधी, फारसी, संस्कृत यांपैकी एक तरी भाषा जाणणारा आणि समाजशास्त्राची पद्धत ठाऊक असलेला माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळणार नाही, हेही खरे. म्हणून सुरुवात सर्वत्र करण्याचा हट्ट नको. वाई, सातारा, कराड, सांगली, मिरज अशा ठिकाणची महाविद्यालये एकत्र येऊन दोन-तीन कायम प्राध्यापकांकडे हा पेपर देऊ शकतात, आणि प्रत्येक परंपरेसाठी निदान एक व्याख्यान त्या परंपरेतील जाणत्याचे व एक तिच्या टीकाकाराचे, अशी सोय करू शकतात. मूल्यमापनात मी एकच अट घालीन. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या नसलेल्या धर्मातील एखादी श्रद्धा अशी मांडावी, की ती मानणाऱ्या माणसाने वाचून, हो, आमचे म्हणणे असेच आहे, असे म्हणावे. आणि नंतर स्वतःच्या घरातील एखाद्या आचाराची चिकित्सा लिहावी. हा क्रम उलटा करू नये.

राहिला तक्रारींचा प्रश्न. तक्रारी येणारच. त्यासाठी वाचनसूची आणि पाठांचे विषय सत्राच्या आरंभीच संकेतस्थळावर आणि सूचनाफलकावर जाहीर असावेत, ज्याला तो विषय नको त्याला कारण न विचारता दुसरा पेपर घेता यावा, आणि एखादा जमाव प्राचार्यांच्या दालनात आलाच तर त्याच्याशी बोलण्याची जबाबदारी संस्थाचालकांनी लेखी स्वीकारलेली असावी, वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकावर ती ढकलू नये. एवढे लिहून देण्याची ज्या संस्थेची तयारी नसेल, तिने हा पेपर सुरू करू नये. ज्यांची तयारी आहे अशा संस्था या दोन जिल्ह्यांत आहेत. त्यांनी येत्या शैक्षणिक वर्षाच्या अभ्यास मंडळापुढे प्रस्ताव ठेवायला हरकत नाही.